नोकरी सोडा म्हणणाऱ्यांना एका तबलजी कारकुनाचं पत्र

करिअर शिबिरांच्या व्यासपीठांवरून बोलणाऱ्या आणि ती शिबिरं भरवणाऱ्या सर्व मान्यवरांस,

सप्रेम नमस्कार.

गोष्ट गेल्या वर्षीच्या जूनमधली. रविवार होता आणि सिव्हिल लाइन्समधलं डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह गच्च भरलं होतं. थोडी गर्दी तुमच्यासाठी, थोडी एसीसाठी. मृग लागून गेला तरी नागपुरात पावसाचा पत्ता नव्हता. मी भाच्यासोबत मागून तिसऱ्या रांगेत बसलो होतो. तुमच्यापैकी एक जण म्हणाले, "पगार म्हणजे तुमच्या स्वप्नाला दर महिन्याला दिलेली गुंगीची गोळी. उद्या सकाळी राजीनामा टाका, मग बघा!" टाळ्या पडल्या. भाच्यानंही वाजवल्या. नाव लिहीत नाही, कारण त्या दिवशी चौघं बोलले आणि चौघांनीही थोड्याफार फरकानं हेच सांगितलं. त्यामुळं पत्र सगळ्यांनाच.

मला हसू आलं ते सभागृहाच्या नावामुळं. मूर्तिजापूरला जन्मलेले आणि नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे गाणं शिकलेले वसंतराव पुण्यात मिलिटरी अकाउंट्सच्या कचेरीत कारकून होते. वर्ष-दोन वर्षं नाही, जवळपास चोवीस वर्षं. दिवसा खर्डेघाशी, रात्री मैफल. ज्या माणसानं दोन तपं हजेरीपटावर सही केली त्याच्याच नावाच्या छताखाली तुम्ही पोरांना सांगत होता की हजेरीपटावर सही करणारा आतून मेलेला असतो.

तुम्ही म्हणाल, शेवटी त्यांनीही सोडलीच की. सोडली. दूर नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशात बदली झाली होती, त्यानंतर १९६५ च्या सुमारास. आणि 'कट्यार काळजात घुसली'मधल्या ज्या खाँसाहेबांच्या भूमिकेमुळं ते घराघरांत पोचले ती १९६७ ची, म्हणजे राजीनाम्यानंतरची. ते नाटक लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकरही आपल्या नागपूरचेच. यातलं काही मी लपवत नाही. पण पंचेचाळिशीला आलेल्या गवयाचा राजीनामा आणि तेविसाव्या वर्षी भाषण ऐकून दुसऱ्या सकाळी टाकलेला राजीनामा, यांच्यामध्ये चोवीस वर्षांचा रियाज आहे. त्या रियाजाचं घरभाडं कचेरीनं भरलं होतं.

गावातलीच आणखी दोन नावं सांगतो. कवी ग्रेस मॉरिस कॉलेजात मराठी शिकवत. महेश एलकुंचवार इंग्रजी शिकवत. त्यांना कुणी पार्टटाइम कवी किंवा पार्टटाइम नाटककार म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आता माझ्याविषयी. मी या मंडळींच्या पंगतीतला नाही, हे आधीच सांगून टाकतो. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे, बावीस वर्षं झाली, पेन्शनच्या फायली बघतो. आणि दिवाळीपासून होळीपर्यंत, शुक्रवारी-शनिवारी रात्री, झाडीपट्टीच्या नाटकांत तबला वाजवतो.

झाडीपट्टी नागपूरकरांनाही नीट माहीत नसते, म्हणून थोडं विस्तारानं लिहितो. आवडीचा विषय आहे, वाहवत गेलो तर माफ करा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांचा हा जंगलाचा आणि धानाचा पट्टा. धान कापून घरात आलं, हातात चार पैसे खुळखुळले की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते. लेकीबाळी माहेरी येतात, पाहुणे उतरतात, सोयरिकी जुळतात. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक, अशी जुनी जोडी. मधे काही वर्षं शर्यतींवर बंदी होती, तेव्हाही नाटक थांबलं नाही. रात्री दहा-अकराला पडदा उघडतो तो पहाटे चार-पाचला पडतो. माणसं तिकीट काढून शामियान्यात येतात, सोबत ब्लँकेट, पोरं आणि डबे. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या सगळ्याचं मुख्य ठाणं. नाट्यमंडळांची कार्यालयं तिथं. हंगामाआधी गावकरी येऊन नाटक ठरवून जातात, नवरदेवाची गाडी ठरवावी तसं, घासाघीस करून.

नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी, मग वैनगंगा ओलांडली की वडसा. पूर्वी इतवारीहून नागभीडला नॅरोगेज जायची. ब्रॉडगेजच्या कामासाठी २०१९ साली ती बंद झाली. तिच्या वेगाबद्दल न बोललेलं बरं, पण तिच्यात झोप छान लागायची. आता आम्ही चौघं मिळून एक जुनी क्रूझर करतो. शुक्रवारी माझा तबला-डग्गा ऑफिसात टेबलाखाली असतो. चुकून पाय लागला की आमचा शिपाई त्याला नमस्कार करतो आणि मग माझ्याकडे रागानं बघतो. सहाला ऑफिस सुटतं आणि मी संविधान चौकात डग्गा कवटाळून गाडीची वाट बघत उभा.

रात्री दोननंतर दव पडायला लागतं. तबल्याची पुडी, म्हणजे वरचं चामडं, ओलसर होते, सूर उतरतो. स्टेजवर नायिकेचा बाप मरत असतो आणि मी खाली वादकांच्या जागेत हातोडीनं हळूहळू गट्टे ठोकत असतो. पुढच्या गाण्याच्या आत सूर वर चढला पाहिजे. हाताची बोटं थंडीनं लाकडासारखी झालेली. आणि तरी, समोर अंधारात बसलेल्या हजार-दोन हजार माणसांनी समेवर एकदम मान हलवली की काय होतं, ते तुमच्या भाषणात सांगता येण्यासारखं नाही. माझ्याही पत्रात नाही.

पण या रंगभूमीवरचे लोक कोण आहेत, हे तुम्हाला मुद्दाम सांगायचं आहे. आमचा नायक जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे. खलनायकाची चार एकर धानाची शेती आहे आणि तो मनानं इतका गरीब की बैलालाही शिवी देत नाही. पडदा ओढणारा पोरगा दिवसा पंक्चर काढतो. झाडीपट्टीच्या ज्या नटाला २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ते परशुराम खुणे गडचिरोली जिल्ह्यातले, शेतकरीच. ५,००० हून जास्त प्रयोग आणि ८०० भूमिका, असा त्यांच्या कामाचा हिशेब तेव्हा छापून आला होता. या मुलखात 'आवड की पोटापाण्याचा धंदा' असा प्रश्नच कुणी विचारत नाही. खरिपात एक काम, हिवाळ्यात दुसरं. हा प्रश्न शहरातला आहे आणि तो तुमच्यासारख्यांनी फार मोठा करून ठेवलाय.

तीन वर्षांपूर्वीचा प्रसंग. एका निर्मात्यानं ऐन हंगामात फर्मान काढलं की दर दोन प्रवेशांमागं एक झगमग नाच पाहिजे, कथेत बसो न बसो. बापाच्या तेरवीच्या प्रवेशानंतरही. मी म्हटलं, मला जमायचं नाही. सहा रात्रींचे प्रयोग हातचे गेले. महिनाअखेरीला पगार मात्र खात्यात आला, नेहमीसारखा. माझ्या शेजारी ऑर्गन वाजवणारा मित्र, हातात माझ्यापेक्षा दुप्पट गाणं असलेला, तो गप्प राहिला आणि त्यानं ते सगळं वाजवलं. परतताना गाडीत बराच वेळ बोलला नाही. मग नागभीडच्या पुढं म्हणाला, "तुले परवडते बाप्पा नाही म्हणनं. माह्या घरची चूल याच्यावरच पेटते."

हे एवढंच मला तुम्हाला सांगायचं आहे. बाकीचं पत्र त्याच्या आजूबाजूचं. तुम्ही ज्याला गुंगीची गोळी म्हणता, त्या पगारावर मी माझ्या आवडीच्या कामात नाही म्हणू शकतो. तबल्यातून घर चालवायचं नसल्यामुळं तबल्यापुरता मी कुणाचा नोकर नाही. ऑर्गनवाला मित्र तुमच्या भाषणातला आदर्श माणूस आहे: आवड हाच त्याचा धंदा. आणि आम्हा दोघांत जास्त मुकाट्यानं मान डोलवावी लागते ती त्याला.

आता भाचा. त्याच्याचमुळं हे पत्र लिहायला बसलो.

मिहानमधल्या, म्हणजे नागपूरच्या विमानतळाजवळच्या उद्योगनगरीतल्या एका कंपनीत होता. वेड अक्षरांचं. नागपूरच्या महाल आणि इतवारी या जुन्या वस्त्यांतल्या दुकानांवरच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांचे फोटो काढत रविवारी सायकलवर फिरायचा. फ्लेक्स आले आणि पेंटर लोक गेले. उरलेल्या पाट्याही दर दिवाळीत एकेक करून उतरतात. त्या पेंटरांच्या हाताचं वळण धरून तो एक देवनागरी फॉन्ट करत होता. मला आधी वाटलं, क पासून ज्ञ पर्यंत काढायचं, त्यात काय. त्यानं वही दाखवली. नुसती मुळाक्षरं काढून भागत नाही. द्ध, ष्ट्र, ह्म अशी जोडाक्षरं, रफार कुठं बसतो, उकार कुठं चिकटतो, र ला तो पोटात लागतो, ट ला खाली, अरुंद अक्षरावर वेलांटी किती लांब. सगळं मिळून शेकडो आकृत्या. रोज रात्री नऊ ते अकरा तो बसायचा. इतवारीतल्या एका भांड्यांच्या दुकानाच्या पाटीवरचा 'भ' त्याला आठ दिवस जमत नव्हता. नवव्या दिवशी जमला तेव्हा रात्री अकराला मला फोन करून सांगितलं. वर्षभरात तीनशे आकृत्या झाल्या होत्या.

तुमच्या भाषणानंतर सोमवारी त्यानं राजीनामा दिला. नव्वद दिवसांची नोटीस भरली, सप्टेंबरमध्ये मोकळा झाला. पहिला महिना उत्साहात गेला. मग गाडीचा हप्ता, घरचं सामान, माझ्या ताईची औषधं. साठवलेले पैसे मार्चपर्यंत पुरले. आज तो काय करतो ते सांगू? फ्लेक्स. ज्या फ्लेक्सनं त्याच्या पाट्या खाल्ल्या, तेच. "मा. भाऊंना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा", तयार फॉन्टात, पिवळ्या अक्षरांना लाल किनार, खाली शुभेच्छुकांची चाळीस मुंडकी. रात्री एक वाजता फोन येतो, "भाऊचा फोटो अजून मोठा कर न बे, गॉगल दिसून नाही राहिला." तीनशे आकृत्यांच्या एव्हाना तीनशे सात झाल्यात. नोकरीत होता तेव्हा नऊ ते अकरा हे दोन तास पक्के त्याचे होते. आता चोवीसही तास गिऱ्हाइकाचे आहेत. परवा म्हणाला, "मामा, आता डोकं अक्षरांतच असतं दिवसभर, पण माझ्या नाही." तो पुन्हा नोकरी शोधतोय. मुलाखतीत मधली गॅप कशामुळं विचारतात. "एक भाषण ऐकलं होतं" असं सांगता येत नाही.

तुमच्या भाषणात कधी न येणारी आणखी एक गोष्ट म्हणजे कागद. नोकरी सांभाळून दुसरं काही करायचं तर कुणाला विचारायचं, हे कुणीच सांगत नाही. आम्हा केंद्राच्या लोकांना १९६४ चे वर्तणूक नियम लागतात, त्यातला नियम १५. तो मला तबल्याच्या कायद्यासारखा, म्हणजे बोलांच्या ठरलेल्या रचनेसारखा पाठ आहे, आणि कायदा म्हटला की पलटे, म्हणजे तेच बोल फिरवून वाजवणं, आलेच. कायदा असा: धंदा किंवा दुसरी नोकरी करायची तर आधी मंजुरी घ्या, मात्र साहित्य, कला, शास्त्र या स्वरूपाचं प्रासंगिक काम मंजुरीशिवाय करता येईल, ड्यूटीवर परिणाम झाला नाही तर. वा! आता पलटा: त्याच नियमात पुढं आहे की एखाद्या संस्थेचं किंवा माणसाचं काम करून मानधन घ्यायचं असेल तर सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी हवी. म्हणजे अधूनमधून वाजवायला विचारायला नको, पाकीट घ्यायला विचारा.

मी विचारलं. अर्ज अकरा महिने फिरला. एका साहेबांनी शेरा मारला, "झाडीपट्टी म्हणजे काय ते स्पष्ट करावे." मी दोन पानं लिहिली, वर लिहिलंय त्यातलं बरंचसं तेच. दुसऱ्या साहेबांनी विचारलं, सदर वाद्य कार्यालयीन वेळेत वाजवले जाते काय. नाही, असं मी लेखी कळवलं. तो अख्खा हंगाम मी पाकिटाला हात लावला नाही, गाडीचा वाटाही खिशातून भरला. मंजुरी आली तेव्हा होळी होऊन गेली होती.

खासगी कंपन्यांत याहून कडक. नेमणूकपत्रात बारीक अक्षरांत एक कलम असतं आणि ते पोरं वाचत नाहीत. २०२२ मध्ये विप्रोनं ३०० जणांना काढलं; ते प्रतिस्पर्धी कंपन्यांचं काम करत होते असं कंपनीनं जाहीरपणे सांगितलं. फॉन्ट काढणं आणि प्रतिस्पर्ध्याकडे काम करणं एक नाही, हे उघड आहे. पण कंपनीच्याच लॅपटॉपवर काढला तर तो फॉन्ट कुणाचा, याचं उत्तर त्याच बारीक अक्षरांत असू शकतं. आणि वरच्या कमाईवर व्यवसायाचं उत्पन्न म्हणून विवरणपत्र भरायचं तर आयटीआर-१ चालत नाही, हे माझ्या भाच्याला मी सांगेपर्यंत माहीत नव्हतं. स्वप्नांवर तीन तास देता, यावर अर्धा तास द्या. एखादा कर सल्लागार बोलवा. टाळ्या कमी पडतील.

एवढं लिहून मी फार शहाणा झालो असं वाटू नये, म्हणून आमच्या सेक्शनमधल्या मॅडमची गोष्ट सांगतो. लग्नाआधी आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावर सुगम संगीत गायच्या, रीतसर ऑडिशन देऊन. अजूनही डबा खाताना नकळत एखादी जागा अशी घेतात की माझी बोटं टेबलावर आपोआप चालायला लागतात. एकदा मी त्यांना हेच सगळं ऐकवलं: नोकरीची सावली, आवडीचं स्वातंत्र्य वगैरे. त्यांनी शांतपणे डबा बंद केला आणि म्हणाल्या, "सर, तुमच्या तबल्याला नोकरी पोसते हे खरं. पण तुमच्या नोकरीला आणि तबल्याला, दोघांनाही वहिनी पोसतात. मी गायला निघाले तर माझ्या घरी वहिनी कोण?"

मला उत्तर सुचलं नाही. नऊ ते अकरा हे दोन तास भाच्याला मिळत होते, कारण जेवणाचं ताट ताई वाढत होती. मला शुक्रवारी निघता येतं, कारण मुलीच्या शाळेची, सिलेंडरची, माझ्या आईच्या गुडघ्याच्या तेलाची चिंता दुसरं कुणी करतं. रविवारचा स्वयंपाक मी करायचा असं आमच्या घरी ठरलंय. रविवारी दुपारपर्यंत मी झोपलेला असतो, हा भाग वेगळा. तेव्हा 'नोकरी सांभाळून आवड जपा' हे माझं म्हणणंही अर्ध्या लोकांपुरतंच खरं आहे. तुमच्या व्यासपीठावर त्या मॅडमना बोलवा. चार शब्द बोलतील, मग गातील, आणि त्यांच्या घरचा त्या रात्रीचा स्वयंपाक कुणी केला हे तुम्ही जाहीर करा. तो सत्कार बघायला मी पहिल्या रांगेत येईन.

किंमत मीही मोजली आहे. एकदा प्रमोशन आलं ते बदलीसकट. नाकारलं. एकदा नाकारलं की वर्षभर पुन्हा विचार होत नाही, आणि माझ्यानंतर लागलेला मुलगा आता माझ्या रजेच्या अर्जावर सही करतो. चांगला आहे बिचारा, झाडीपट्टी म्हणजे काय ते विचारत नाही.

भाच्यासाठी मी तुमच्याकडे काही मागत नाही. पुढच्या शिबिराचं पत्रक मात्र हातात आलंय: "नोकरीच्या तुरुंगातून मुक्ती", प्रवेश विनामूल्य. तो मथळा बदलता आला तर बघा. आणि बोलायला उभे राहाल तेव्हा एक करा. समोरच्या पोराला विचारा, तुझं काम दोन तासांचं आहे की दहा तासांचं? काही कामांना खरोखर दिवस लागतो, नोकरीत ती होत नाहीत, हे मी मान्य करतो. पण पुष्कळ कामं रोज दोन तास मागतात आणि वर्षानुवर्षं मागतात. अक्षरं तशी आहेत. तबला तसा आहे.

दिवाळीनंतरचा आमचा पहिला प्रयोग वडशाच्या पलीकडच्या एका गावात आहे. मंडई रविवारची आलीय, म्हणून नाटकही रविवारी रात्री. ऑर्गनवाला मित्र या वेळी आदल्या दिवशीच पुढं जाणार आहे, त्यामुळं क्रूझरमध्ये एक जागा रिकामी आहे. तुमच्यापैकी कुणीही या. भाषण नको, हार नको, मध्यंतरात चहाच्या टपरीवर आमच्या मास्तर-नायकाशी थोडं बोला. ब्लँकेट मात्र आणा, दोननंतर कुणी आपलं देत नाही. पहाटे पाचला पडदा पडला की लगेच निघायचं. साडेनऊला मला बायोमेट्रिकवर अंगठा लावायचा आहे, त्यामुळं वाटेत गाडी थांबणार नाही. उमरेडला उतरायचं असेल तर आधीच सांगून ठेवा.

आपला,
मागून तिसऱ्या रांगेतला